विटांची भिंत आडवा जोर किती सोसेल, हे कसं तपासतात?

जुन्या विटांच्या घरावर मजला चढवायचा असतो, किंवा भूकंपाच्या धक्क्यानंतर घर राहण्याजोगं उरलंय का हे ठरवायचं असतं. अशा वेळी मालक हौसेनं एक कागद पुढे करतात. भिंतीतल्या चार-सहा विटा काढून प्रयोगशाळेत दाबून आणलेल्या असतात आणि कागदावर लिहिलेलं असतं की वीट इतक्या मेगापास्कल दाबाला फुटली. कागद खरा असतो, पण तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतो. वीट वरून दाबल्यावर कधी चिरडते एवढंच त्यातून कळतं. भूकंपात किंवा वादळी वाऱ्यात भिंतीला मुख्यतः आडवा जोर लागतो. तो तिच्या लांबीच्या दिशेनं आला, तर एक थर दुसऱ्या थरावरून सरकतो का, हा खरा प्रश्न असतो. या सरकवणाऱ्या जोराला इंजिनियर शिअर म्हणतात. सरकणं रोखतो तो विटांमधला सांधा, आणि त्या सांध्याबद्दल विटेचा अहवाल चकार शब्द काढत नाही.

सांधा दोन गोष्टींच्या बळावर टिकतो. पहिली म्हणजे मसाला विटेला किती चिकटलाय. दुसरी म्हणजे घर्षण, आणि ते वरच्या ओझ्यावर अवलंबून असतं. वह्यांची उंच चळत टेबलावर ठेवून बघा. वरची वही बोटानं सहज सरकते. तळाची वही सरकवायला मात्र दम लागतो, कारण तिच्यावर बाकीच्यांचं वजन आहे. भिंतीतही हेच घडतं. म्हणून भिंतीची शिअर ताकद हा एक ठरलेला आकडा नसतो. एकाच गवंड्यानं एकाच मसाल्यात बांधलेल्या भिंतीची ताकद तळमजल्याला एक आणि छताखाली दुसरीच असते.

भारतीय मानक आयएस 1905 (1987 ची आवृत्ती) हेच एका ओळीत सांगतं: अनुज्ञेय, म्हणजे हिशोबात धरायची मुभा असलेला, शिअर ताण म्हणजे 0.1 अधिक भिंतीवरच्या कायमच्या उभ्या ताणाचा सहावा हिस्सा, सगळं मेगापास्कलमध्ये, आणि कमाल 0.5. एक मेगापास्कल म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण 10 किलो. यातला 0.1 हा चिकटपणाचा वाटा आणि सहावा हिस्सा घर्षणाचा. प्रत्यक्षातलं घर्षण याहून बरंच जास्त असतं, पण सुरक्षेसाठी मानकानं हात आखडता ठेवलाय.

आता थोडं गणित. दुमजली घराची नऊ इंची, म्हणजे 230 मिलिमीटर जाडीची, 3 मीटर लांब आणि मजल्यागणिक 3 मीटर उंच भिंत घेऊ. वीटकामाचं वजन घनमीटरला सुमारे 2 टन धरलं, तर एका मजल्याची भिंत स्वतःच्या वजनानं तळाशी 0.06 मेगापास्कल ताण देते. प्रत्येक स्लॅबकडून भिंतीच्या दर मीटर लांबीवर दीड टन येतं असं मानू, त्याचे 0.065 झाले. म्हणजे तळमजल्याच्या पायाशी एकूण 0.25. सूत्रात घातलं की अनुज्ञेय ताण 0.14 येतो आणि भिंत सुमारे 10 टन आडवा जोर घेऊ शकते. वरच्या मजल्यावर, स्लॅबच्या लगेच खाली, उभा ताण फक्त 0.065 आहे, म्हणून तिथं पावणेआठ टनच. स्लॅबच्या जागी पत्रे असतील तर ओझं जवळपास शून्य आणि उरतो तो निव्वळ चिकटपणाचा 0.1, म्हणजे 7 टन. आणि त्या पत्र्याच्या घराची भिंत मातीत बांधलेली असेल, तर हा 0.1 सुद्धा हिशोबात धरता येत नाही. छताजवळचे थर मग केवळ एकमेकांवर ठेवलेले असतात.

या सूत्राला एक अट आहे, आणि ती वाचायची बहुतेकांची राहून जाते. मसाला एम-1 या प्रतीहून कमी नसावा. सिमेंट-वाळूच्या भाषेत ही प्रत म्हणजे 1:5. आपल्याकडे नऊ इंची भिंतीला सर्रास 1:6 वापरतात, ती एम-2. म्हणजे हजारो घरांच्या हिशोबात जो 0.1 डोळे मिटून घातला जातो, तो मानकाच्या शब्दाप्रमाणे त्यांना लागूच होत नाही. 1:6 ची भिंत लगेच धोक्याची ठरते असं मला म्हणायचं नाही. पण तिथं आकडा गृहीत न धरता मोजायला हवा.

मग ओझं जितकं जास्त तितकी भिंत भक्कम, असं समजायचं का? नाही, कारण भूकंपाचा जोर वजनाच्या प्रमाणातच येतो. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीला धक्का बसला, तीव्रता 6.2. सुमारे 8,000 माणसं गेली. तिथल्या घरांवर मातीची जाड, जड छतं होती आणि खाली मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती. त्या भिंतींचे आतला आणि बाहेरचा असे दोन पदर एकमेकांपासून सुटले आणि बाहेर फुगून ढासळले. म्हणजे त्या बहुतेक भिंती लांबीच्या दिशेनं सरकून पडल्या नाहीत, आडव्या बाजूला कोसळल्या. भिंत तिच्या जाडीच्या दिशेनं उलथणं हा शिअरहून निराळा प्रश्न आहे आणि तो निराळाच तपासावा लागतो. शिअरचा उत्तम अहवाल हातात असलेली भिंत, छताशी नीट बांधलेली नसेल तर, उलथून पडू शकते.

आता मोजण्याकडे वळू. भिंत अजून बांधायची असेल तर काम सोपं आहे, कारण नमुने करता येतात. युरोपीय मानक ईएन 1052-3 मधली पद्धत मला सगळ्यांत स्वच्छ वाटते. तीन विटा एकावर एक, मध्ये दोन सांधे. बाहेरच्या दोन विटा धरून ठेवायच्या आणि मधली ढकलायची. ढकलताना तिन्ही विटा बाजूनं ठरावीक ताणानं आवळून धरलेल्या असतात, हे वरच्या ओझ्याचं सोंग. 10 मेगापास्कलहून कमी ताकदीच्या विटांसाठी हा आवळताण 0.1, 0.3 आणि 0.5 असा तीन पायऱ्यांत घेतात. आपल्या भट्टीच्या बहुतेक विटा याच गटात बसतात. प्रत्येक पायरीला किमान तीन नमुने.

समजा, या तीन पायऱ्यांना सांधे सरासरी 0.22, 0.34 आणि 0.46 मेगापास्कलला सुटले. आलेखावर बिंदू मांडून रेघ ओढली की दोन्ही गोष्टी वेगळ्या होतात. रेघेचा चढ 0.6, हे घर्षण. आणि आवळताण शून्य असताना रेघ जिथं उभ्या अक्षाला भेटते तो 0.16, हा चिकटपणा. डिझाइनसाठी चिकटपणाचे 80 टक्केच धरतात, म्हणजे 0.13 च्या आसपास. एकाच ओझ्याखाली केलेल्या चाचणीतून ही फोड होत नाही, म्हणून एका आकड्याचा शिअर अहवाल हातात आला तर उभा ताण किती होता हे आधी विचारावं. ते लिहिलेलं नसेल तर त्या आकड्याचा काही उपयोग नाही.

हेच नमुने गवंड्याच्या सवयीही उघड्या पाडतात. विटा न भिजवता लावल्या तर कोरडी वीट मसाल्यातलं पाणी ओढून घेते आणि नेमक्या चिकटायच्या जागी सिमेंट अर्धवट राहतं. उलट, नितळू न देता ओल्या गच्च विटा लावल्या तरी पकड कमी होते. मसाल्याचे ठोकळे दाबून केलेल्या चाचणीत यातलं काही दिसत नाही, कारण तो ठोकळा लोखंडी साच्यात घट्ट झालेला असतो, विटेशी त्याची गाठच पडलेली नसते. मसाला छान, वीट छान आणि दोघांची पकड मात्र शून्य, अशी भिंत असू शकते.

दुसरी प्रयोगशाळेतली पद्धत अमेरिकेच्या एएसटीएम ई519 या मानकातली. 1.2 मीटर लांब-रुंद भिंतीचा चौकोनी तुकडा बांधायचा, तो कोपऱ्यावर उभा करायचा आणि वरच्या-खालच्या कोपऱ्यांना लोखंडी बूट घालून दाबायचा. उभ्या दाबानं चौकोन आडव्या दिशेनं फाटू लागतो आणि कर्णावर तडा जातो. दाबाला 0.707 नं गुणून तुकड्याच्या छेदाच्या क्षेत्रफळानं भागलं की शिअर ताण मिळतो. इथं सांधा आणि वीट दोघांचीही परीक्षा होते. तडा सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी गेला तर मसाला किंवा त्याची पकड कच्ची. विटा चिरत सरळ गेला तर वीट कच्ची. विटा कच्च्या असण्याची शक्यता आपल्याकडे कमी नाही. आयएस 1077 मध्ये विटांचे वर्ग 3.5 मेगापास्कलपासून सुरू होतात, आणि 1:4 चा कडक मसाला अशा विटेपेक्षा सहज जास्त ताकदीचा असतो. म्हणूनच युरोपीय मानक शिअर ताकदीवर विटेच्या ताकदीच्या 0.065 पट अशी कमाल मर्यादा घालतं. 3.5 च्या विटेला हिशोब 0.23 वर थांबतो, मसाला कितीही भारी वापरा.

खरी पंचाईत उभ्या असलेल्या भिंतीची. तिचा 1.2 मीटरचा तुकडा कापून न्यायचा तर कापताना, उचलताना आणि टेम्पोतून नेताना अर्धे सांधे आधीच सुटतात. त्यावर तोडगा निघाला तो कॅलिफोर्नियात, आणि तो भूकंपाच्या अनुभवातून निघाला.

10 मार्च 1933 च्या संध्याकाळी लाँग बीच इथं 6.4 तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे 120 लोक मेले आणि विटांच्या शाळा एकामागून एक कोसळल्या. शाळा सुटून गेल्या होत्या म्हणून मुलं वाचली. महिन्याभरात शाळांच्या बांधकामासाठी फील्ड अ‍ॅक्ट आला आणि पोलाद न घातलेल्या विटांच्या नव्या इमारती तिथं थांबल्या. पण आधी बांधलेल्या उभ्याच राहिल्या. लॉस एंजेलिसमध्ये अशा आठ हजारांच्या आसपास इमारती होत्या, आणि 1981 मध्ये शहरानं त्या मजबूत करणं सक्तीचं केलं. मग प्रत्येक इमारतीच्या सांध्यात दम किती, हे जागच्या जागी आणि स्वस्तात मोजायची गरज पडली. तिथं रूढ झालेली पद्धत म्हणजे पुश टेस्ट.

भिंतीतली एक वीट निवडायची, तिची लांब बाजू दर्शनी असलेली. तिच्या एका टोकाची शेजारची वीट काढून टाकायची आणि त्या खिडकीत छोटा हायड्रॉलिक जॅक बसवायचा. दुसऱ्या टोकाचा उभा सांधा खरवडून मोकळा करायचा, म्हणजे विटेला सरकायला जागा मिळते. आता वीट फक्त वरच्या आणि खालच्या सांध्यानं धरलेली आहे. जॅक हळूहळू दाबायचा आणि वीट हलते त्या क्षणाचा जोर टिपायचा. खोदकाम छिन्नी-हातोड्यानं ठोकत केलं तर चाचणीच्याच विटेचे सांधे खिळखिळे होतात, म्हणून ड्रिल आणि पातळ पात्यानं काम करतात. इथं घाई केली की आकडा कमी येतो आणि दोष भिंतीच्या माथी जातो.

समजा, 230 बाय 110 मिलिमीटरची वीट 20 किलोन्यूटनला, म्हणजे दोन टनांना हलली. दोन सांध्यांचं क्षेत्रफळ 50,600 चौरस मिलिमीटर, भागाकार 0.395 मेगापास्कल. आकडा झकास दिसतो आणि अनेक अहवाल इथंच थांबतात. पण त्यात वरच्या ओझ्याचं घर्षण मिसळलेलं आहे. तिथला उभा ताण 0.15 असेल तर तो वजा करायचा. राहिले 0.245. सगळ्या चाचण्यांची अशी बाकी काढून चढत्या क्रमानं लावायची आणि ज्या आकड्याच्या वर 80 टक्के चाचण्या आहेत तो धरायचा. सरासरी घ्यायची नाही, कारण भिंत कच्च्या जागेपासून सुटू लागते.

आपल्या भिंतीचा असा आकडा 0.245 आला असं मानू. नऊ इंची भिंतीत त्या विटेच्या पाठीमागेही मसाला असतो आणि त्यानंही ती धरून ठेवलेली असते. भूकंपात अख्खी भिंत सरकताना ही पाठीमागची पकड मदतीला येत नाही, म्हणून 0.75 नं गुणायचं: 0.184. भिंतीचा खरा उभा ताण 0.15 आता परत मिळवायचा: 0.334. आयताकृती छेदात शिअर ताण सगळीकडे सारखा नसतो, मध्यावर सरासरीच्या दीडपट असतो, म्हणून 1.5 नं भागायचं, आणि वर आणखी 0.75 ची काटछाट. हाती उरतात 0.167. जॅकवर वाचलेल्या 0.395 च्या निम्म्याहून कमी! साडेचार इंची भिंतीत पाठीमागे मसालाच नसल्यामुळे पहिली 0.75 ची कपात लागू होत नाही, हेही लक्षात ठेवावं.

किती ठिकाणी मोजायचं, याचाही कॅलिफोर्नियात नियम आहे: सर्वांत खालच्या आणि वरच्या मजल्यावर दर भिंतीला किमान दोन, मधल्या मजल्यांवर किमान एक, दर 1,500 चौरस फूट भिंतीला एक तरी, आणि एकूण आठांहून कमी नाहीत. ओझं वजा करून 30 पीएसआय, म्हणजे 0.207 मेगापास्कलसुद्धा न मिळणारी भिंत दर्जा भरून, म्हणजे सांध्यांत नवा मसाला भरून, पुन्हा तपासायची, नाहीतर उतरवायची. भिंतीच्या सोयीच्या कोपऱ्यात दोन चाचण्या करून सगळ्या इमारतीला प्रमाणपत्र देणाऱ्यांनी हा नियम एकदा वाचावा.

वजाबाकीसाठी उभा ताण माहीत हवा. साध्या घरात तो वजनांच्या बेरजेतून काढता येतो. पण जुन्या इमारतीत मधल्या भिंती पाडलेल्या असतात, तुळया बदललेल्या असतात आणि ओझं कुठून कुठं गेलंय याचा पत्ता नसतो. तिथं फ्लॅट जॅक कामी येतो. ही पद्धत इटलीत ऐतिहासिक इमारतींसाठी घडली. आडव्या सांध्यात करवतीनं फट पाडायची. फटीच्या वरचा भाग किंचित खाली बसतो. आधीच चिकटवलेल्या खुणांमधलं अंतर मोजून ते कळतं. मग फटीत पत्र्याची पातळ पिशवी सरकवून तेलाचा दाब वाढवत न्यायचा. खुणा मूळ अंतरावर आल्या की तो दाब, पिशवीच्या आणि फटीच्या मापाप्रमाणे दुरुस्त करून, म्हणजे भिंतीतला उभा ताण. अशा दोन पिशव्या चाचणीच्या विटेच्या वर-खाली बसवल्या तर ओझं हवं तसं बदलून तीच वीट पुन्हा पुन्हा ढकलता येते, आणि प्रयोगशाळेतली ती रेघ भिंतीवरच काढता येते.

हातोडीनं उसळी मोजणारी किंवा ध्वनिलहरी सोडणारी यंत्रं सरळ शिअर ताकद सांगत नाहीत. मसाला कुठं चांगला आणि कुठं भुसभुशीत याचा नकाशा ती झटपट देतात, आणि जॅक कुठं लावायचा हे ठरवायला तेवढं पुरतं. खिळ्यानं सांधा खरवडून बघणं हीसुद्धा त्याच जातीची तपासणी आहे आणि तिला पैसे पडत नाहीत.

यंत्र आणण्याआधी तडे वाचावेत, तेही गिलावा काढून, कारण गिलाव्याचा तडा आणि विटांचा तडा एकाच वाटेनं जातीलच असं नाही. दोन खिडक्यांमधल्या बुटक्या खांबावर गुणाकाराच्या चिन्हासारखे तडे असतील तर जोर दोन्ही बाजूंनी आलटून पालटून आला होता. हा शिअर. एकाच दिशेनं तिरपा गेलेला, एका टोकाला रुंद आणि दुसरीकडे केसाएवढा तडा बहुधा पाया बसल्याचा असतो. मराठवाडा-विदर्भातल्या काळ्या जमिनीवर, जी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, असे तडे भूकंपाशिवायच पडतात. तिथं पुश टेस्टवर खर्च करण्याआधी पाया उकरून पाहावा. खिडक्यांमधला खांब उंच आणि निमुळता असेल तर तो शिअरनं फाटण्याऐवजी टाचेवर डुलतो आणि वर-खाली आडव्या चिरा दिसतात. अशा खांबाची ताकद सांधा ठरवत नाही, त्याच्यावरचं ओझं आणि रुंदी-उंचीचं प्रमाण ठरवतं. तिथं मसाल्याची कितीही चाचणी करा, उत्तर बदलत नाही.

आकडे कमी आले तर पहिला आणि स्वस्त उपाय म्हणजे भुसभुशीत सांधे खोलवर खरवडून दर्जा नव्यानं भरणं. त्यानं भागत नसेल तर भिंतीच्या दोन्ही अंगांना वेल्डेड जाळी लावून, ती आरपार सळयांनी एकमेकींना बांधून, वर सिमेंटचा थर देतात. आयएस 13935 मध्ये याचा तपशील आहे. एकाच अंगाला लावलेली, आरपार न बांधलेली जाळी म्हणजे निव्वळ महागडं प्लास्टर.

चाचणीसाठी काढलेली वीट त्याच दिवशी परत बसवून घ्यावी आणि सांधा मूळ जातीच्याच मसाल्यानं भरावा. चुन्याच्या भिंतीत सिमेंटचा कडक लगदा भरला तर तो आजूबाजूच्या मऊ सांध्यांसारखा दबत नाही. ओझं त्याच्याभोवती गोळा होतं आणि पुढच्या तपासणीला त्याच जागी विटेची कड उडालेली दिसते.